मध्यस्थांच्या पत्रांतील आई
पहिल्या महायुद्धात (१९१४-१८) १,३०,००० हून अधिक हिंदी सैनिक व सेवक फ्रान्समध्ये गेले. त्यांत पंजाबी सैनिकांची संख्या मोठी होती. त्यांच्यामागे मुले वाढविणाऱ्या स्त्रियांचा इतिहास मुख्यतः टपालातूनच हाती येतो. सैनिकांची व त्यांच्या घरची पत्रे सेन्सॉरने तपासली. निवडक उतारे इंग्रजीत भाषांतरित झाले, म्हणूनच ते टिकले. निरक्षर पत्नी पत्र दुसऱ्याकडून लिहवून घेई. आलेले उत्तरही तिला दुसराच वाचून दाखवी. मुलाचे आजारपण वा घरखर्चाची ओढाताण अशा रीतीने परक्या मुखांतून जाई. सबब ही पत्रे निव्वळ आत्मपर लेखन नव्हेत. त्यांतील आईचा आवाज ऐकण्यापूर्वी लेखनिक, सेन्सॉर आणि भाषांतरकार यांची भाषा वेगळी ओळखणे अगत्याचे ठरते.