ग्राफिक्स कार्ड छायाचित्रापर्यंत कसे पोहोचले

मार्च २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या ‘इंडिया एआय’ मोहिमेला मंजुरी दिली, तेव्हा देशात किमान दहा हजार जीपीयू उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट होते. २०२५मध्ये हा आकडा अडतीस हजारांच्या पलीकडे गेला. विद्यार्थी, संशोधक आणि नवउद्योगांना ही यंत्रे ताशी सुमारे ६५ रुपये अशा सवलतीच्या दराने वापरता येतील, असेही जाहीर झाले. या बातमीवर विद्यार्थी मला जो प्रश्न विचारतात तो मात्र घरगुती असतो. आमच्या संगणकातले ग्राफिक्स कार्ड म्हणजे हेच का? आणि छायाचित्रांचे संपादन करायचे असेल तर ते बदलून काही लाभ होतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: कूळ एकच. दुसऱ्याचे उत्तर द्यायचे तर इतिहासात शिरावे लागते. कारण छायाचित्र आणि ग्राफिक्स कार्ड यांची खरी गाठ पडायला पंचवीसेक वर्षे लागली, आणि तीही आडवाटेने पडली.

केवळ प्रतिमांवर प्रक्रिया करण्यासाठी खास यंत्र बांधण्याचा एक गाजलेला प्रयत्न १९८६चा. लुकासफिल्मचा संगणक विभाग स्टीव्ह जॉब्जच्या पैशावर स्वतंत्र झाला आणि ‘पिक्सार’ हे नाव घेऊन त्याने ‘पिक्सार इमेज कॉम्प्युटर’ विकायला काढला. किंमत एक लाख पस्तीस हजार डॉलर, आणि तो चालवायला आणखी एक संगणक वेगळा घ्यायचा. वैद्यकीय प्रतिमा, उपग्रहचित्रे अशी गंभीर गिऱ्हाइके नजरेसमोर होती. एकूण तीनशे यंत्रेही खपली नाहीत. कंपनी पुढे चित्रपटांमुळे तरली.

दुसरा प्रयत्न थोडा स्वस्तातला. १९९०मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती आली आणि मॅकिंटॉशवर काम करणाऱ्या छपाईवाल्यांना एक नवीन दुखणे जडले: मोठे चित्र धूसर किंवा तीक्ष्ण करायला सांगितले की संगणक मान खाली घालून बसे. त्यावर उतारा म्हणून सुपरमॅकसारख्या कंपन्यांनी ‘थंडरस्टॉर्म’ नावाची कार्डे काढली. त्यांवर ध्वनी आणि दूरध्वनीच्या संकेतांसाठी घडवलेल्या चिपा बसवलेल्या असत आणि फोटोशॉपचे मोजके फिल्टर त्या झपाट्याने उरकत. छायाचित्रासाठी कार्ड बदलण्याची प्रथा तिथे सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. पण १९९४मध्ये पॉवरपीसी प्रोसेसर आला आणि संगणक स्वतःच इतका वेगवान झाला की त्या महागड्या कार्डांचे प्रयोजन फारसे उरले नाही. एकाच कामासाठी घडवलेल्या यंत्रामागे नेहमी हा धोका लागलेला असतो. सर्वसाधारण यंत्र सावकाश येते, पण गाठते.

मग जे टिकले ते कोणाच्या जोरावर? खेळणाऱ्या मुलांच्या. १९९६मध्ये ‘क्वेक’ हा खेळ आणि थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड एकाच वर्षी आले. १९९९मध्ये एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना ‘जीपीयू’ हा शब्द रूढ केला. खेळातले दृश्य त्रिकोणांचे बनलेले असते आणि पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूचा रंग शेजारच्या बिंदूची वाट न पाहता काढता येतो. एक हुशार कारकून बसवण्याऐवजी शेकडो साधे कारकून एकदम बसवावेत, असे हे काम. वैद्यकीय आणि उपग्रहचित्रांच्या बाजारपेठेला जे पेलले नव्हते, ते कोट्यवधी खेळाडूंच्या खिशातल्या पैशाने पेलले. विज्ञानाच्या इतिहासात अशी उधारी पुष्कळ आहे आणि तिची नोंद आपण क्वचितच ठेवतो.

२००१पासून या कारकुनांना थोडेफार आपल्या मनासारखे काम सांगता येऊ लागले. भौतिकीवाल्यांनी त्याचा लगेच गैरफायदा घेतला: आपले आकडे चित्र असल्याचे भासवून कार्डाकडे पाठवायचे आणि परत आलेल्या ‘चित्रा’तून उत्तर वाचायचे. २००४मध्ये स्टॅनफर्डच्या ‘ब्रूक’ या आज्ञाभाषेने हे सोंग बरेच कमी केले, आणि तिच्यामागचा संशोधक इयन बक एनव्हिडियात गेल्यावर तिथे ‘क्यूडा’ आकाराला आली. २००६च्या अखेरीस आलेल्या ‘८८०० जीटीएक्स’ कार्डावर अशी १२८ गणनकेंद्रे होती.

आता छायाचित्राची पाळी यायला हवी होती. २००८च्या फोटोशॉप सीएस४मध्ये कार्डाचा वापर सुरूही झाला, पण कशासाठी? चित्र अलगद मोठे-लहान करणे, कॅनव्हास फिरवणे, असल्या दाखवण्याच्या कामांसाठी. खरे संपादन बहुतांशी मुख्य प्रोसेसरच करत राहिला. याला आळस म्हणू नये. त्यामागे साधे गणित आहे.

२४ मेगापिक्सेलचे छायाचित्र घ्या. प्रत्येक बिंदूला तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट, म्हणजे चित्र १४४ मेगाबाइटचे झाले. त्याची उजळता वाढवायची तर प्रत्येक संख्येवर एखादा गुणाकार करायचा. संगणकाच्या स्वतःच्या मेमरीतून, सेकंदाला सुमारे ५० गिगाबाइट या वेगाने, हे चित्र वाचून पुन्हा लिहायला साधारण सहा मिलिसेकंद लागतात. तेच चित्र कार्डाकडे पाठवायचे तर ते पीसीआय एक्स्प्रेसच्या बोळातून जाते. त्या जोडणीच्या तिसऱ्या पिढीचा वेग सेकंदाला १६ गिगाबाइट, म्हणजे नुसत्या जाण्यालाच नऊ मिलिसेकंद, येण्याला आणखी नऊ. पलीकडचे गणित शून्य वेळात झाले तरी हा व्यवहार तोट्याचाच. वाणसामान आणायला विमानाने जाण्यासारखे.

म्हणून खरा प्रश्न ‘कार्ड किती वेगवान?’ हा नसून ‘आणलेल्या प्रत्येक आकड्यामागे गणित किती?’ हा आहे. उजळता, रंगसंतुलन, कातरणे, थर एकमेकांवर ठेवणे या कामांत ते तुटपुंजे असते. धूसरता मोठ्या त्रिज्येची असेल तर वाढते. आणि खरोखर, २०१२च्या सीएस६मध्ये कार्डावर गेलेल्या कामांत अशीच धूसरता आणि चित्र ताणण्याचे ‘लिक्विफाय’ होते.

त्याच २०१२मध्ये टोरांटो विद्यापीठात दुसरीच घटना घडत होती. अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुटस्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी छायाचित्रे ओळखणारे एक न्यूरल जाळे शिकवले, तेही बाजारात खेळांसाठी मिळणाऱ्या दोन ‘जीटीएक्स ५८०’ कार्डांवर. प्रत्येकाची मेमरी तीन गिगाबाइट. जाळे एका कार्डात मावेना म्हणून त्यांनी ते दोघांत विभागले आणि पाच-सहा दिवस चालवले. इमेजनेट स्पर्धेत त्यांची चूक १५.३ टक्के होती, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. आजच्या अडतीस हजारांच्या बातमीचे मूळ शोधायचे तर त्या दोन कार्डांपाशी जावे लागते.

छायाचित्रकाराच्या टेबलावर ही विद्या काही वर्षांनी पोहोचली. अंधारात टिपलेल्या रॉ फाइलमधला दाणेदारपणा काढणारे न्यूरल साधन लाइटरूममध्ये एप्रिल २०२३मध्ये आले. कॅमेऱ्याच्या संवेदकावरचा प्रत्येक बिंदू मुळात एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बेयरची ही युक्ती १९७६च्या पेटंटातली. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अदमासाने भरायचे असतात. जाळे हा अदमास आणि दाण्यांची सफाई एकत्रच करते. दर बिंदूमागे एक लाख क्रिया धरल्या तर एका चित्राला २.४ लाख कोटींच्या घरात गणित होते. सेकंदाला वीस हजार कोटी क्रिया करणाऱ्या मुख्य प्रोसेसरला त्यासाठी बारा सेकंद हवेत. दहा लाख कोटी करणाऱ्या मध्यम कार्डाला पाव सेकंद. अनेक जाळी याहून जड असतात, तेव्हा प्रत्यक्षातली तफावत सेकंद आणि मिनिटे यांच्यात दिसते. इथे त्या बोळातले अठरा मिलिसेकंद कोणाच्या खिजगणतीत नाहीत.

तेव्हा विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे. लग्नसमारंभातली किंवा वन्यजीवांची हजारो रॉ चित्रे न्यूरल साधनाने साफ करायची असतील तर कार्ड बदला, आणि बदलताना गणनकेंद्रांच्या आकड्याआधी मेमरी पाहा. आठ गिगाबाइटच्या खाली आता उतरू नये. तुमचे काम रंग, वक्ररेषा आणि थर यांच्यापुरते असेल तर तोच पैसा संगणकाच्या रॅममध्ये आणि चांगल्या एसएसडीत घाला. जुन्या डेस्कटॉपचा वीजपुरवठा नव्या कार्डाला झेपतो का, हे दुकानदाराने न सांगितले तरी तपासा. दहा-बिटी रंगांसाठी महाग ‘व्यावसायिक’ कार्डच लागते ही समजूतही जुनी झाली. फोटोशॉपमध्ये ती सोय एनव्हिडियाने २०१९पर्यंत साध्या कार्डांना दिली नव्हती, आणि दिली ती केवळ ड्रायव्हर बदलून. चिप तीच होती.

हेच गणित देशाच्या पातळीवरही लागू पडते. १९८०च्या दशकात अमेरिकेने आपल्याला दोन प्रोसेसरांचा क्रे एक्स-एमपी-२४ नाकारला आणि हवामानाच्या अंदाजापुरता एका प्रोसेसरचा एक्स-एमपी-१४ दिला. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला, तो ‘ट्रान्सप्यूटर’ नावाच्या अनेक छोट्या चिपांना एकत्र कामाला लावून. शेकडो साध्या कारकुनांची कल्पना आपल्याकडे गरजेपोटी आली होती. नोव्हेंबर २०२०मध्ये सी-डॅकचाच ‘परम सिद्धी-एआय’ जगातील महासंगणकांच्या यादीत ६३व्या स्थानी होता. त्याचे बळ मात्र एनव्हिडियाच्या जीपीयूंचे.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आणि त्यांच्या ४३५ जोड्या. एका अँटेनाचा प्रत्येक आकडा उरलेल्या एकोणतिसांशी गुणायचा आणि बेरीज साठवत जायची. त्यातून आकाशाचे चित्र उमटते. आकडे आणावे लागतात तीस अँटेनांचे, गणित होते जोड्यांच्या संख्येइतके. म्हणजे प्रत्येक आकड्यामागे भरपूर काम. दुर्बिणीच्या सुधारित रूपात हे सहसंबंधाचे काम जीपीयूंकडे सोपवले गेले, ते या हिशेबाला धरूनच. ताशी ६५ रुपयांत वेळ मागणाऱ्या विद्यार्थ्यानेही अर्ज भरण्याआधी हा भागाकार कागदावर करून पाहावा. अनेकांचे काम घरच्या प्रोसेसरवर भागते.

एक गोष्ट मात्र छायाचित्रकाराला सुखाची आहे आणि संशोधकाला नाही. संपादनाची बहुतेक सॉफ्टवेअरे ओपनसीएल, डायरेक्टएक्स किंवा मेटल या सामायिक भाषांतून कार्डाशी बोलतात. म्हणून त्याला एएमडी, इंटेल, एनव्हिडिया यांतले जे परवडेल ते घेता येते. वैज्ञानिक आज्ञावल्यांचा मोठा हिस्सा गेल्या पंधरा-सोळा वर्षांत क्यूडात लिहिला गेला आणि क्यूडा एकाच कंपनीच्या चिपांसाठी आहे. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने अशा चिपांच्या निर्यातीवर देशनिहाय मर्यादा जाहीर केली, तेव्हा भारत दुसऱ्या श्रेणीत होता. अंमल सुरू होण्याआधीच, मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला. तो मागे घेण्याचा निर्णय दिल्लीत झाला नव्हता.