मेणाच्या धाग्याची मुद्रा

आदिलाबादच्या पितळी ओतकामावरून एकदा बोट फिरवून पाहावे. ते घसरत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या बारीक रेघांवर अडखळत जाते. नवख्याला वाटते, ही नक्षी मागाहून छिन्नीने कोरली असावी. वस्तुतः पितळ वितळण्यापूर्वीच ती सिद्ध झालेली असते.

हे काम वोज कारागिरांचे. जैनूर भागातील उशेगाव हे त्यांचे नावाजलेले गाव. २०१६ च्या विभाजनानंतर ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. बाजारात या कलेला ‘डोकरा’ म्हणतात, पण हा शब्द पूर्वेकडून, बंगाल-ओरिसातून आलेला. इकडे याच लोकांना वोजारी किंवा ओतारी म्हणतात आणि मला तेच नाव सार्थ वाटते. ओततो तो ओतारी!

आधी मातीचा गाभा घडवतात. सोऱ्यातून शेव पडावी तसे मेणाचे लांब धागे काढतात आणि ते गाभ्याभोवती एकास एक भिडवून गुंडाळतात. कुठे वेटोळे, कुठे जाळी, कुठे मेणाचा ठिपका. त्यावर पहिला लेप अतिशय बारीक मातीचा, कारण धाग्याधागामधली खाच हाच लेप टिपतो. जाड मातीचे थर नंतर. साचा तापला की मेण वितळून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत पितळ शिरते. शेवटी साचा फोडावा लागतो, म्हणून एकासारखी दुसरी वस्तू तंतोतंत निघत नाही.

या विद्येचे जुने नाव ‘मधूच्छिष्टविधान’. मध काढून उरलेले ते मेण! बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने (तिसरा) ‘मानसोल्लासा’त ही रीत सांगितली असून मेण तोलून त्याच्या पटीत धातू घ्यावा असा दंडक दिला आहे. मेणाहून पितळ सुमारे नऊपट जड, हे ध्यानात घेतले की दंडकाचे मर्म कळते. दायमाबादला १९७४ साली सापडलेले रथ, हत्ती, गेंडा, रेडा भरीव आहेत. त्यांचे एकूण वजन साठ किलोंवर. मातीचा गाभा घालणारा ओतारी तेवढ्या धातूत कितीतरी वस्तू काढील. गरिबांच्या देवाला हे परवडणारे होते. गोंडांच्या पेर्सा पेनच्या पूजेतील पितळी वस्तू, घंटा, दागिने वोजांच्याच भट्टीतून येत.

पश्चिमेत काचेलाही हाच मार्ग लाभला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी क्रो या शिल्पकाराने काचेची पूड साच्यात भरून भट्टीत भाजण्याची विस्मृत रीत पुन्हा उभी केली. काच मात्र पितळेसारखी धावत नाही, काकवीसारखी जडपणे सरकते. म्हणून साच्याच्या खाचांत पूड हातानेच ठासावी लागते. पुढे निववायचीही घाई चालत नाही, नाहीतर तडा ठरलेला. तरी पृष्ठभागाचा खरखरीतपणा तिथेही साच्याकडूनच येतो.

२०१८ मध्ये आदिलाबाद डोकऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ठीकच झाले. पण मानांकन नावाचे रक्षण करते, रेघेचे नव्हे. चकचकीत वस्तू मागणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कानस फिरली की धाग्यांचे कंगोरे प्रथम जातात. रबरी साच्यातून मेणाच्या आयत्या प्रती काढल्या तर धागा वळण्याचेच कारण उरत नाही. काम भराभर होते, पैसेही लवकर मिळतात. पोटासाठी कोणी ते केले तर त्याला दोष कसा द्यावा? दिवाळीला समई घेणाऱ्याने मात्र तिच्या अंगावर बोट फिरवावे, आणि अडखळले तर भावात घासाघीस करू नये.