पहिलं गिऱ्हाईक सरकार

आजच्या भागाचं निमित्त अगदी घरगुती आहे. गेल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत तिचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मामांनी उभं केलेलं, आता ती बघते. म्हणाली, "दादा, शाळांच्या बाकांची निविदा निघालीय. भरू का?" मी काही बोलायच्या आत मागून मामांचा आवाज आला, "त्याला काय विचारतेस? मला विचार की!"

मामांना विचारण्यात अर्थ आहे, कारण त्यांनी हे एकदा केलंय. बाक वेळेत पोचवले, सही-शिक्का घेतला आणि बिल चौदा महिन्यांनी निघालं. तोवर पतसंस्थेचं व्याज चालू होतं आणि मामींच्या पाटल्या गहाण होत्या. कार्यालयाचं नाव मी घेत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात ही गोष्ट वेगळ्या कार्यालयाच्या नावाने सांगितली जात असेल.

फोन ठेवल्यावर मला आठवलं ते किर्लोस्करवाडीचं. मिरज-पुणे रेल्वेनं जाताना लागतं ते स्टेशन. तिथला कारखाना सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारशी व्यवहार करणारा छोटा धंदेवाईक म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे आपण फारसं बघत नाही. जरा तसं बघू.

लक्ष्मणरावांचा धंदा बेळगावचा. आधी सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. नांगराचं तर असं झालं की लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली! त्यात बेळगाव नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी जागा हवी होती आणि कारखाना नेमका तिथेच होता. उठा म्हणाले. म्हणजे बघा, स्थानिक सरकारशी या माणसाची पहिली मोठी गाठ पडली ती गिऱ्हाईक म्हणून नाही, घरमालक म्हणून. तीही घालवून देणारा घरमालक.

तेव्हा औंधच्या गादीवर बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. १९०९ साली नुकतेच आलेले. औंध हे संस्थान लहान, ७२ गावांचं आणि तीही विखुरलेली. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. कुंडल मात्र सांगली जिल्ह्यात येतं, पण तेव्हा तेही औंधचंच. (सांगली जिल्हा म्हणजे १९४९ साली वेगळा काढलेला दक्षिण सातारा, १९६० साली त्याचं नाव बदललं. त्यामुळे या गोष्टीत दोन जिल्हे आले तरी मुलूख एकच आहे.) लक्ष्मणरावांकडे औंधला बांधकामाचं काम होतं, त्यामुळे राजा त्यांना ओळखत होता. अडचण कळल्यावर बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर माळरान जमीन दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं, बिनव्याजी. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

आता इथे थांबून हिशेब मांडा. या व्यवहारात पैसा कुठून कुठे गेला? सरकारकडून कारखानदाराकडे आणि तोही माल तयार व्हायच्या आधी. निवडुंगाचं आणि सापांचं माळरान होतं ते, राबले हे लोकच. पण थांबायची किंमत राजानं उचलली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले. इथेही तेच. सरकारनं कच्चा माल पुढे केला.

हे ऐकून कोणी म्हणेल, "राजेशाही होती तेच बरं होतं." मला नाही तसं वाटत. बाळासाहेब होते म्हणून ठीक, पण शेजारच्या संस्थानात कारखाना काढायला निघालेल्या, राजाची ओळख नसलेल्या माणसाचं काय झालं असेल? त्याची गोष्ट आपल्यापर्यंत आलीच नाही. ओळखीवर चालणारा व्यवहार ओळख असलेल्यालाच गोड लागतो. निविदा, सीलबंद लिफाफा, तीन दरपत्रकं हे सगळं आलं ते यावर उतारा म्हणून, आणि तो उतारा योग्यच होता.

ब्रिटिश सरकारचं तर आणखी वेगळं. त्यांची मोठी खरेदी लंडनमधून व्हायची. हिंदुस्थानात खरेदी करणारं स्वतंत्र खातं, इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट, निघालं १९२२ साली. तोवर किर्लोस्करवाडी बारा वर्षांची झाली होती आणि कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखानाही १९१६ पासून चालू होता. प्रभाकर कंदील त्यांचाच.

आपल्याकडे सरकार खऱ्या अर्थानं गावातलं गिऱ्हाईक झालं ते १ मे १९६२ ला, जिल्हा परिषदा आल्या तेव्हा. मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडला वाढलेले यशवंतराव. शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा यांचा कारभार जिल्ह्याच्या गावी आला. बाक, कपाटं, पत्रे, पाइप लागायला लागले. सुताराला, लोहाराला, छोट्या वर्कशॉपवाल्याला मंत्रालय गाठायची गरज उरली नाही. पण एक गोष्ट गुपचूप उलटी झाली होती. औंधला सरकार आधी पैसे देत होतं. आता माल देणारा आधी पैसे घालतो: बयाणा रक्कम भरायची, सुरक्षा ठेव ठेवायची, माल स्वतःच्या खिशातून बनवायचा, पोचवायचा आणि मग देयकाची वाट बघायची. पारदर्शकता आली, पण थांबायची किंमत मामींच्या पाटल्यांवर गेली.

कायद्याला हे कळलेलं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत द्यायला सांगितलंय. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. दाद मागायला परिषद आहे. २०१२ च्या खरेदी धोरणात छोट्यांना बयाण्यातून सूट आहे. पण ते धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आहे. राज्याच्या खरेदीला १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे. म्हणून "सूट असतेच" असं धरून चालू नका, त्या त्या निविदेतल्या अटी वाचा. आणि तिप्पट व्याजाचं मामांना सांगितलं तर ते हसले. "अरे, व्याज मागितलं तर पुढचं काम कोण देईल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बहिणीला मी काय सांगितलं? कागदांचं तर ती माझ्यापेक्षा पुढे होती. उद्यम नोंदणी, जीएसटी, डिजिटल स्वाक्षरी, महाटेंडरवरचं खातं, सगळं तयार. तांत्रिक लिफाफ्यातली मागच्या कामांची अट तेवढी तिला नडत होती. मी एकच विचारलं, "बिल सहा महिने आलं नाही तर पोरांचे पगार कशातून करशील?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी वहीचा फोटो आला. मामांच्या अक्षरात होता. दोघांनी रात्री बसून मांडलं होतं: पत्रा आणि पाइप किती, उधारीवर कोण देईल, पगार किती, बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा किती. मामांनी स्वतःच्या चौदा महिन्यांचं व्याजही शेवटी एका ओळीत लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. त्या हिशेबात सगळ्या तालुक्यांचं काम बसत नव्हतं. एका तालुक्याचं बसत होतं, आणि निविदेत तालुकावार दर द्यायची सोय होती.

तिनं एका तालुक्याचा दर भरलाय. दरात सहा महिन्यांचं व्याज धरलंय, त्यामुळे तो जरा वर गेलाय. मामांचं म्हणणं, मिळायचं नाही. लिफाफे येत्या गुरुवारी उघडतील.