रानांतला मुलगा आणि अंगणांतली शाळा

बाळ जन्मास येतें तें मनुष्याचा देह घेऊन. मनुष्याचें बोलणें-चालणें मात्र त्यास भोंवतालच्या माणसांपासून मिळतें. हें नित्य अनुभवाचें असल्यामुळें त्याचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. परंतु भोंवतीं माणसेंच नसतील, तर त्या बाळाचें काय होईल? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रसंग फ्रान्स देशांत १८०० सालीं आला.

त्या वर्षाच्या जानेवारींत, ऐन थंडींत, आव्हेरों प्रांतांतील सँ-सेर्नँ गांवीं एक मुलगा रानांतून बाहेर आला. वय अदमासें बारा वर्षें. अंगावर फाटक्या सदऱ्याखेरीज वस्त्र नाहीं. गळ्यावर जुन्या जखमेचा वण. त्यास बोलतां येत नव्हतें. कढत पाण्यांतील बटाटे तो हातानें काढी. जवळ पिस्तुलाचा बार काढला तरी दचकत नसे; पण पाठीमागें कोणीं अक्रोड फोडला, कीं तत्काळ वळून पाही. तो बहिरा नव्हता. पोटास उपयोगी तेवढाच आवाज ऐकण्याची संवय त्याच्या कानांस जडली होती.

पुढें त्यास पॅरिसच्या मूकबधिरांच्या शाळेंत आणलें. मनोरोगांचा त्या काळचा श्रेष्ठ वैद्य पिनेल ह्यानें त्यास तपासून, तो जन्मतःच जडबुद्धि असल्याचा निकाल दिला. सव्वीस वर्षांच्या झाँ इतार नांवाच्या डॉक्टरास तें पटलें नाहीं. मनुष्याची संगति न लाभल्यानें ह्याची बुद्धि निजून राहिली आहे, असें त्याचें मत होतें. त्यानें मुलास व्हिक्तर हें नांव दिलें, मादाम गेरँ ह्या बाईच्या हातीं त्याचें संगोपन सोंपविलें, आणि सुमारें पांच वर्षें त्यास शिकविण्याचा उद्योग केला.

ऊन पाण्याच्या स्नानांनीं मुलास शीतोष्ण कळूं लागलें. धातूचीं अक्षरें जुळवून तो कांहीं शब्द मांडूं लागला. वाणी मात्र फुटली नाहीं. दुधास फ्रेंच भाषेंत ‘ले’ म्हणतात. हा शब्द तो उच्चारी; पण दूध मागण्यासाठीं नव्हे, तर तें समोर आल्यावर आनंदाच्या भरांत!

मादाम गेरँचा पति आजारी पडून वारला. त्या दिवशींहि व्हिक्तरनें मेजावर त्याची ताटली मांडली. तें पाहून बाईस दुःखाचा उमाळा आला. मुलानें ताटली उचलून जागच्या जागीं ठेवली, आणि पुन्हां कधीं मांडली नाहीं. वाणी न लाभलेल्या त्या मुलास दुसऱ्याचें दुःख समजूं लागलें होतें. हें कांहीं त्यास रानानें शिकविलें नव्हतें.

इतारनें १८०६ च्या अहवालांत आपलें अपयश लपविलें नाहीं. व्हिक्तर १८२८ सालीं मरण पावला. त्याच्या ठिकाणीं उपजतच कांहीं न्यून होतें कीं काय, हा वाद अद्यापि मिटलेला नाहीं. परंतु जन्मतः बहिऱ्या मुलांस खुणांची भाषा उशिरां मिळाली, तर ती त्यांस पूर्णपणें साधत नाहीं, असें पुढील संशोधनांत आढळून आलें आहे. वाफसा निघून गेल्यावर केलेल्या पेरणीचें जें होतें, तेंच उशिरां झालेल्या संस्कारांचें होतें.

इतारचे कष्ट मात्र वायां गेले नाहींत. त्याचा शिष्य सेगँ ह्यानें तें काम पुढें चालविलें. ह्या दोघांचे ग्रंथ इटलींतील डॉक्टर मारिया माँटेसोरी ह्यांनीं स्वहस्तें उतरून काढले, आणि १९०७ सालीं रोम शहराच्या गरीब वस्तींत बालगृह उघडलें. मुलांच्या उंचीचें सामान आणि त्यांच्या हातांस काम, असें भोंवताल त्यांनीं मुद्दाम रचलें.

तोच विचार गिजुभाई बधेका ह्यांनीं भावनगरास रुजविला, व त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं तो ठाणें जिल्ह्यांतील, हल्लीं पालघर जिल्ह्यांत असलेल्या, बोर्डी गांवीं नेला. वस्तींतलीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली. महाग साधनांच्या जागीं शंख-शिंपले, बिया व खडे आले. १९७५ सालच्या एकात्मिक बालविकास योजनेंतील केंद्रेंहि अंगणवाडी ह्याच नांवानें ओळखलीं जातात.

व्हिक्तरला शिकविणारा गुरु भेटला, पण बालपण सरत आल्यावर. त्या अंगणांतल्या पोरांच्या वांट्यास तो उशीर येऊं नये, म्हणूनच शाळा त्यांच्या दारीं चालत गेली.