बिअर पूर्ण आंबली का? बुडबुड्यांवर जाऊ नका!

एअरलॉकमधले बुडबुडे थांबले की आंबण्याची क्रिया संपली, असं घरी बिअर बनवणाऱ्या बहुतेक नवख्यांना वाटतं. मलाही वाटलं होतं. नोकरीनिमित्त जर्मनीत आल्यावर पहिली २० लिटरची बॅच लावली, सहाव्या दिवशी बुडबुडे थांबले, मी बाटल्या भरून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवल्या. दहा दिवसांनी रात्री तीन बाटल्या फुटल्या. कपाटाच्या दारात काच रुतली होती! गार खोलीत यीस्ट नुसतं मंदावलं होतं. ऊब मिळताच उरलेल्या साखरेवर परत कामाला लागलं.

(महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तिथे हा प्रयोग नको.)

मोजायची असते ती घनता. दुधाचा लॅक्टोमीटर पाहिलाय ना? हायड्रोमीटर त्याचाच भाऊ. पाणी १.०००, यीस्ट टाकण्याआधीचं गोड पाणी समजा १.०५०. यीस्ट साखर खातं, पाण्यापेक्षा हलकं अल्कोहोल तयार होतं आणि आकडा १.०१० पर्यंत उतरतो. फरकाला १३१.२५ ने गुणा: ०.०४० × १३१.२५ = साधारण ५.२५ टक्के अल्कोहोल.

आता १.०१० ऐवजी १.०१५ वरच बाटली बंद केली तर? लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम जास्तीचा कार्बन डायऑक्साइड आत अडकतो. नेहमीच्या बिअरमध्ये एकूण गॅसच जवळपास तेवढा असतो. म्हणजे दाब दुप्पट!

हायड्रोमीटरही फसवतो. गॅसचे बुडबुडे त्याला चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. म्हणून नमुना ढवळून गॅस काढा, हायड्रोमीटर गोल फिरवून सोडा, आणि नमुना त्यावर लिहिलेल्या तापमानाला (बहुधा २० अंश) आणा. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, पण अल्कोहोल तयार झाल्यावर तो चुकीचा, जास्त आकडा दाखवतो. दुरुस्तीचं सूत्र वापरल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

आपल्या आवडीचा भाग आता. आयस्पिंडल हे ओपन सोर्स उपकरण मी स्वतः जोडलं: ईएसपी८२६६ चिपचा छोटा बोर्ड, अ‍ॅक्सिलरोमीटर, तापमानाचा सेन्सर आणि १८६५० बॅटरी, सगळं एका प्लॅस्टिकच्या नळीत. ते बिअरमध्ये तिरकं तरंगतं. घनता उतरते तसा कोन बदलतो आणि दर १५ मिनिटांनी आकडा वायफायवरून फोनवर येतो. (स्टीलच्या भांड्यात सिग्नल मार खातो.) आधी वेगवेगळ्या साखरपाण्यात बुडवून कोन आणि घनतेचं गणित बसवावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचे आकडे निरर्थक.

तरी फेस किंवा यीस्ट नळीला चिकटलं की कोन बिघडतोच. त्यामुळे मी त्याचा फक्त आलेख बघतो. रेष सपाट झाली की हायड्रोमीटर काढतो, तीन दिवसांनी परत मोजतो. दोन्ही आकडे तेच आले आणि अपेक्षित आकड्याजवळ असले, तरच बाटल्या धुवायला घेतो.