पैसा जनतेचा, मग संशोधन कुलपात का? ‘ओपन ॲक्सेस’ आणि ‘रिपॉझिटरी’ म्हणजे नेमकं काय?

एप्रिल २०१५. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात इबोलाची साथ ओसरत आली होती. तोवर या छोट्याशा देशात हजारो माणसं दगावली होती. त्याच महिन्यात देशाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डाहन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा एक लेख ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला.

इबोला आपल्याकडे येईल असं लायबेरियातल्या डॉक्टरांना वाटलंच नव्हतं. पण १९८२ सालीच युरोपातल्या संशोधकांनी तिथल्या लोकांच्या रक्ताचे नमुने तपासून इबोलाच्या खुणा सापडल्याचं लिहिलं होतं. दवाखान्यांनी सावध राहावं, असंही त्यात म्हटलं होतं. हा इशारा लायबेरियात पोहोचलाच नाही. या शोधनिबंधांच्या लेखकांमध्ये एकही लायबेरियन संशोधक नव्हता. शिवाय त्यातला एक निबंध डाउनलोड करायचा तर ४५ डॉलर मोजावे लागत होते. तिथल्या डॉक्टरचा हा साधारण अर्ध्या आठवड्याचा पगार!

तो निबंध वेळेत वाचला असता तर साथ टळली असती का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण ज्यांच्या रक्तावर संशोधन झालं, त्यांनाच ते वाचायला पैसे पडत होते, एवढं मात्र खरं. ‘ओपन ॲक्सेस’ची सगळी चर्चा याच प्रश्नाभोवती फिरते.

शोधनिबंध वाचायला पैसे का लागतात?

बहुतेक संशोधन सरकारी पैशातून होतं. प्रयोगशाळा, उपकरणं, प्राध्यापकांचा पगार, विद्यार्थ्यांची फेलोशिप, सगळं करदात्यांच्या खिशातून. संशोधक निबंध लिहून जर्नलकडे म्हणजे संशोधन नियतकालिकाकडे पाठवतात. त्यासाठी त्यांना मानधन मिळत नाही. दुसरे तज्ज्ञ तो तपासतात. याला ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात आणि हे कामही सहसा फुकटच होतं.

निबंध स्वीकारला गेला की अनेकदा लेखक त्याचे हक्क प्रकाशकाकडे सोपवतात. मग प्रकाशक तोच निबंध विद्यापीठांना वर्गणी लावून विकतात. ज्याचं विद्यापीठ वर्गणी भरत नाही, त्याला एकेका निबंधासाठी सुटे पैसे मोजावे लागतात.

म्हणजे संशोधन करायला पैसा जनतेचा आणि ते वाचायलाही पैसा जनतेचाच.

मग ‘ओपन ॲक्सेस’ म्हणजे काय?

सोप्या शब्दांत, संशोधन इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येणं, उतरवून घेता येणं आणि लेखकाचं श्रेय देऊन वापरता येणं. फेब्रुवारी २००२ मध्ये बुडापेस्ट इथून जाहीर झालेल्या निवेदनामुळे या कल्पनेला जगभर नाव मिळालं. पण प्रत्यक्षात काम आधीच सुरू झालं होतं. पॉल गिन्सपार्ग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने ऑगस्ट १९९१ मध्ये एक सेवा सुरू केली होती. छपाईची वाट न पाहता संशोधक आपले निबंध तिथे टाकू लागले. आज ती ‘अर्काइव्ह’ या नावाने ओळखली जाते आणि लाखो निबंध तिथे मोफत मिळतात.

संशोधन खुलं करण्याच्या तीन मुख्य वाटा आहेत.

गोल्ड : जर्नल निबंध सर्वांसाठी खुला ठेवतं, पण अनेकदा लेखकाकडून प्रकाशन शुल्क घेतं. ‘नेचर’ने २०२१ पासून असा पर्याय दिला, तेव्हा एका निबंधाचं शुल्क ९,५०० युरो होतं. त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून जास्त! वाचकाचे पैसे वाचतात, पण गरीब देशातल्या संशोधकाने लिहायचं कसं, हा नवा प्रश्न उभा राहतो.

डायमंड : लेखकालाही पैसे नाहीत, वाचकालाही नाहीत. खर्च एखादी संस्था किंवा सरकार उचलतं. बंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकांतले निबंध अकॅडमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

ग्रीन : निबंध कुठल्याही जर्नलमध्ये छापा, पण त्याची एक प्रत आपल्या संस्थेच्या रिपॉझिटरीत ठेवा. ही सर्वांत स्वस्त वाट आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही.

रिपॉझिटरी म्हणजे फक्त वेबसाइट का?

नाही. प्राध्यापकाने स्वतःच्या पानावर पीडीएफ टाकली, तर तो निवृत्त झाल्यावर किंवा कॉलेजची वेबसाइट बदलल्यावर ती गायब होऊ शकते. रिपॉझिटरी हे संस्थेचं कायमस्वरूपी डिजिटल दप्तर असतं. सहसा ग्रंथालय ते सांभाळतं.

तिथे प्रत्येक निबंधासोबत लेखक, वर्ष, विषय आणि जर्नल अशी माहिती ठरावीक पद्धतीने भरली जाते. त्याला न बदलणारा पत्ता मिळतो. त्यामुळे सर्च इंजिनांना तो सापडतो आणि दहा वर्षांनीही लिंक चालते. यासाठी ‘डीस्पेस’सारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात.

पण प्रकाशकाकडे हक्क असताना प्रत ठेवायची कशी? इथे एक बारकावा आहे. निबंधाची तीन रूपं असतात. तज्ज्ञांनी तपासण्याआधीचा मसुदा, तपासणीनंतर स्वीकारली गेलेली लेखकाची अंतिम प्रत आणि जर्नलच्या मांडणीतली छापील पीडीएफ. छापील पीडीएफ बाहेर टाकायला प्रकाशक सहसा हरकत घेतात. पण लेखकाची अंतिम प्रत रिपॉझिटरीत ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात. कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. त्या प्रतीत संशोधन तेच असतं, तज्ज्ञांनी तपासलेलंच असतं. फरक पडतो तो मुख्यतः मांडणीचा.

नुसता निबंध खुला करून भागतं का?

२२ मे २०२० रोजी ‘द लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतल्या सुमारे ९६ हजार कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्याचा दावा त्यात होता. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त आहे, असा निष्कर्ष काढला होता. भारतात तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हेच औषध दिलं जात होतं. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला.

पण जगभरातल्या शास्त्रज्ञांना आकडे खटकले. ऑस्ट्रेलियातल्या मृत्यूंचा निबंधातला आकडा तर त्या तारखेच्या अधिकृत आकड्याहून मोठा होता. मूळ डेटा दाखवा, अशी मागणी झाली. डेटा पुरवणाऱ्या ‘सर्जिस्फिअर’ कंपनीने तो स्वतंत्र तपासनिसांना दिला नाही. अखेर ४ जून रोजी निबंध मागे घेतला गेला. या औषधाचा कोविडवर खरंच उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर पुढे मोठ्या चाचण्यांनी दिलं. पण डेटा पहिल्याच दिवशी तपासता आला असता, तर त्या दोन आठवड्यांतला गोंधळ टळला असता.

म्हणूनच आता निबंधासोबत डेटाही रिपॉझिटरीत ठेवण्याचा आग्रह धरला जातो. त्यासाठी २०१६ मध्ये ‘फेअर’ नावाची चार तत्त्वं मांडली गेली. डेटा सापडायला हवा, मिळवता यायला हवा, इतर डेटाशी जुळायला हवा आणि पुन्हा वापरता यायला हवा. स्कॅन केलेल्या तक्त्याचा फोटो टाकला, की डेटा दिल्यासारखा दिसतो, पण या कसोट्यांवर तो उतरत नाही. रकान्यांची नावं, एककं, मोजमापाची पद्धत आणि वापराचा परवाना सोबत असेल तरच दुसऱ्याला त्याचा उपयोग होतो.

सगळाच डेटा मात्र उघड्यावर टाकता येत नाही. रुग्णांची माहिती, दुर्मिळ प्राण्यांची ठिकाणं, लोकांच्या खासगी मुलाखती जपाव्याच लागतात. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात १० हजार भारतीयांच्या जनुकीय नोंदी जमवल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये हा डेटा संशोधकांसाठी उपलब्ध झाला. तो फरिदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमध्ये आहे. तिथे रीतसर अर्ज करून, अटी मान्य करूनच तो मिळतो. म्हणजे डेटा आहे, हे सर्वांना माहीत असतं आणि तो कुणाला मिळेल याचे नियम आधीच ठरलेले असतात.

भारतात काय स्थिती आहे?

सुरुवात तर आपण लवकर केली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ मध्येच आपली रिपॉझिटरी सुरू केली. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेची रिपॉझिटरी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेच्या डिजिटल संग्रहात जुनी, दुर्मिळ पुस्तकंही वाचता येतात.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०१३ मध्ये ओपन ॲक्सेस धोरण आणलं. परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संग्रहात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली इथल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध सापडतात. पीएचडीच्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं आणि आज तिथे लाखो प्रबंध आहेत.

डिसेंबर २०१४ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने संयुक्त धोरण जाहीर केलं. आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाची अंतिम प्रत रिपॉझिटरीत ठेवा, असं ते सांगतं.

मग ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ कशासाठी?

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना खुली करायची, अशी ही योजना आहे. सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना त्याचा लाभ होईल, असं सरकारने म्हटलं.

तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आयआयटीतल्या विद्यार्थ्यासारखीच जर्नल्स वाचायला मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पण वर्गणी आणि ओपन ॲक्सेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणी म्हणजे भाड्याने घेतलेली किल्ली. मुदत संपली की पुन्हा पैसे. शिवाय ती ठरावीक लोकांकडेच असते. गावात दवाखाना चालवणारा डॉक्टर, पत्रकार, शेतकरी गटाचा कार्यकर्ता, छोटा उद्योजक यांच्यापैकी कुणी त्या संस्थांत नसेल, तर त्याच्यासाठी कुलूप तसंच राहतं. रिपॉझिटरीतली प्रत मात्र त्यालाही वाचता येते आणि लायबेरियातल्या डॉक्टरलाही.

धोरण आहे, तर निबंध का दिसत नाहीत?

कारण ते कुणीतरी जमा करावे लागतात. निबंध छापून आला की संशोधकाच्या दृष्टीने काम संपतं. पदोन्नतीत जर्नलचं नाव मोजलं जातं, रिपॉझिटरीतली प्रत नाही. त्यात हक्कांची भीती आणि फॉर्म भरायचा कंटाळा.

यावर उपाय काय, हे जगाने करून पाहिलं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००५ मध्ये निबंध जमा करण्याची विनंती केली, तेव्हा प्रतिसाद अगदी तुटपुंजा होता. २००८ मध्ये तेच बंधनकारक केलं आणि चित्र पालटलं. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाने आणखी साधी युक्ती केली. पदोन्नतीच्या वेळी फक्त रिपॉझिटरीत ठेवलेले निबंधच मोजायचे! रिपॉझिटरी भरायला वेळ लागला नाही.

तुम्हाला एखादा निबंध मोफत हवा असेल तर?

‘संशोधनातून सिद्ध झालंय’ असा फॉरवर्ड आला आणि मूळ निबंधापाशी पैसे मागितले गेले, तर लगेच माघार घेऊ नका. ‘साय-हब’सारख्या साइट्स कायद्याच्या कचाट्यात आहेत. प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तिच्याविरुद्ध दावा दाखल केला. पण कायदेशीर वाटाही आहेत.

१. निबंधाचं पूर्ण शीर्षक ‘गूगल स्कॉलर’वर टाका. खाली ‘सर्व आवृत्त्या’ पाहा. त्यात बऱ्याचदा रिपॉझिटरीतली प्रत सापडते.

२. ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरला जोडायचं मोफत साधन मोफत उपलब्ध असलेली कायदेशीर प्रत शोधून देतं.

३. भारतीय संशोधन असेल तर शोधगंगा, कृषिकोश किंवा त्या संस्थेची रिपॉझिटरी तपासा.

४. काहीच सापडलं नाही तर लेखकाला ईमेल करा. पत्ता सहसा निबंधाच्या पहिल्या पानावर असतो. आपलं काम कुणीतरी वाचतंय याचा संशोधकांना आनंदच होतो आणि बरेचजण प्रत पाठवतात.

आणि तुम्ही स्वतः संशोधक असाल, तर तुमच्या मागच्या निबंधाची अंतिम प्रत अजून तुमच्याच लॅपटॉपमध्ये पडून असेल. ती आजच ग्रंथालयाकडे पाठवा. फाइल शोधून फॉर्म भरायला फार तर अर्धा तास लागेल. ती कुणाच्या कधी कामी येईल, हे १९८२ मध्ये तरी कुणाला माहीत होतं?