बंदरान सगला होता

महाप्यातल्या जुन्या माणसांना विचारा, बेलापूरच्या किल्ल्याच्या पोटात भुयार आहे आणि ते खाडीखालून थेट घारापुरी बेटावर निघतं, असं ते शपथेवर सांगतील. माझ्या आज्याच्या गोष्टीत त्यातून घोडेस्वार जात. शेजारच्या काकांच्या गोष्टीत पालखी जाई. ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. मात्र प्रत्येकाच्या आज्याने पाहिलेलं होतं. खाडीच्या गाळाखालून एवढं लांब भुयार कोण खणणार, असं शाळेत चार बुकं शिकलेला मी विचारी. आजा विडीचा झुरका घेऊन म्हणे, “किल्ल्यान काय हाय, पोरा? बंदरान सगला होता.”

हे उत्तर मला तेव्हा टाळाटाळीचं वाटे. आता वाटतं, एका वाक्यात एवढा इतिहास कुणी सांगितला नसेल.

आज्याच्या तरुणपणीचं महापे म्हणजे पाठीशी पारसिकचा डोंगर, पायथ्याला भातखाचरं, त्याखाली खारजमिनी नि मिठागरं आणि मग ठाण्याची खाडी. आम्ही आगरी. भात, मीठ आणि मासळी, या तिन्हींवर घर चाले. रस्ता नावाची गोष्ट फारशी नव्हतीच. भरती लागली की होडी काढायची आणि ओहोटीला परतायचं, हेच वेळापत्रक. 1962 साली राज्यात एमआयडीसी आली आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. नवी मुंबई वसवायला 1970 साली सिडको स्थापन झाली. खाचरांवर प्लॉट पडले, होड्या किनाऱ्याला कुजल्या. जानेवारी 1984 मध्ये उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी लढा दिला. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आमच्याकडे इतिहास म्हटलं की म्हातारे आधी हे सांगतात, मग किल्ल्याकडे वळतात. तो क्रम मला बरोबरच वाटतो.

आता किल्ला. पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी तो बसला आहे, आणि त्याच्या जन्माचं सगळं कारण त्या जागेत आहे. पनवेलकडे जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर इथून नजर राहते. सोळाव्या शतकात सिद्दींनी तो बांधला असं मानतात. 1682 मध्ये तो पोर्तुगिजांकडे गेला. तेव्हा या भागाला शहाबाज म्हणत. त्या नावाचं गाव सीबीडी बेलापूरच्या कुशीत आजही आहे. पुढे चिमाजी आप्पांच्या काळात मराठ्यांनी किल्ला घेतला. आमच्याकडची गोष्ट अशी की, किल्ला हाती आला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असा आप्पांचा नवस होता, आणि तेव्हापासून बेलापूर. ही गोष्ट सांगताना आजी हात जोडी. कागदात किल्ल्यावर प्रत्येकी 180 माणसांच्या चार तुकड्या आणि 14 तोफा असल्याचं वाचायला मिळतं. तोफा चार ते बारा पौंडी गोळ्याच्या, म्हणजे मध्यमच. मोठ्या लढाईपेक्षा बंदरावर वचक ठेवायला पुरेशा.

आजीच्या गोष्टींत तोफा येत नसत. तिच्या गोष्टींत शिंपले येत. ओहोटीला चिखलात उतरून बायका शिवल्या आणि कालवं काढत. मांस घरात जाई आणि टरफलं साठवून चुन्याच्या भट्टीला विकली जात. कोकण किनाऱ्यावर शिंपले जाळून चुना करण्याची ही जुनी रीत. भट्टीतून निघालेली कळी पाण्यात विरवायची, मग वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत दिवसचे दिवस मळायची. बैल गोल फिरतोय, दगडी चाक चाकोरीत घसटतंय, असं चित्र ती हातवारे करून उभं करी. किनाऱ्यावरची जुनी देवळं, वाडे, कोट या चुन्याने धरून ठेवलेले आहेत. बुरूज सिद्दीचा असो की फिरंग्याचा, त्याच्या सांध्यात आमच्या पणज्यांच्या ओंजळीतले शिंपले असणं सहज शक्य आहे. बखरीत याची नोंद कोण घेणार?

किल्ल्यांच्या दुरुस्तीचा विषय निघाला की मला म्हणूनच आधी चुना आठवतो. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट सोडत नाही. खाऱ्या वाऱ्यात दगडात शिरलेलं पाणी सिमेंटच्या थराआड अडकलं की मीठ आतल्या आत स्फटिक होतं आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. म्हणजे चकाचक दुरुस्ती दहा-वीस वर्षांत मूळ भिंतच खाऊन टाकते. बुरुजावर वाढलेल्या वडा-पिंपळाचं तसंच. वरून कापलं की फोटो छान येतो. मुळं भिंतीत जिवंत राहिली की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फांद्या. हे काम चुन्याचा हात असलेल्या गवंड्याचं आहे, टेंडरमधल्या सर्वात कमी दराचं नव्हे.

पण बेलापुरात दुरुस्तीला उरलं काय? 23 जून 1817 रोजी कॅप्टन चार्ल्स ग्रे याने किल्ला घेतला आणि इंग्रजांनी त्याची बरीच मोडतोड केली. राहिलं ते बुरुजाचं थोडं बांधकाम. आज तिथे उभं राहिलं की पाम बीच रस्त्याची रहदारी आणि महापालिका मुख्यालयाचा मोठा घुमट दिसतो. किल्ल्यापेक्षा घुमटासमोर सेल्फी जास्त निघतात. निघोत बापडे.

पर्यटनाने काय होतं हे पाहायला मात्र दूर जायला नको, भुयाराचं दुसरं टोक पुरे. घारापुरीची लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. जगभरची माणसं लेण्यातल्या सदाशिवासमोर उभी राहिली, पण बेटावरच्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन गावांत समुद्राखालच्या केबलने वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. मधली एकतीस वर्षं वारसा जगाचा होता आणि अंधार गावाचा. शेवटची लाँच गेली की पाहुणे मुंबईत, गावकरी जनरेटरच्या तासांवर.

आणखी एक हकिगत. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो बेटावर नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याचे तुकडे मुंबईला नेले, 1914 मध्ये ते जोडले, आणि आता तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. हत्ती तेवढ्याने वाचला हे खरं. पण बेटाचा हत्ती बेटाला परका झाला हेही खरं. आजा म्हणे की हत्ती चिडून पोहत गेला. मला ही गोष्ट कुठल्याही माहितीफलकापेक्षा आवडते.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात खांदेरी आहे, सिंधुदुर्ग आहे. बेलापूर नाही आणि त्याचा दावाही कुणी करू नये. यादीत नसणं ही एका परीने सवड आहे. गर्दी येण्याआधी चुन्याचं काम करता येईल, बुरुजाची मोजणी आणि रेखाटनं करून ठेवता येतील, म्हाताऱ्यांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करता येतील, भुयारासकट. गोष्ट खोटी म्हणून वगळायची नाही; गोष्ट म्हणून लिहायची आणि शेजारी 1682, 1817 लिहायचं. वाचणाऱ्याला फरक कळतो.

खाडीचंही तसंच. ठाणे खाडीतलं रोहित पक्ष्यांचं अभयारण्य 2015 मध्ये घोषित झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. ऐरोलीहून रोहित पाहायला होडीने नेतात. खाडी वाचवून लोकांना दाखवता येते, आणि होडी हाकणाऱ्या हातांना त्यातून काम मिळतं, हे तिथे दिसतं. बेलापूरला नवा धक्का आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये जलटॅक्सीचा गाजावाजाही झाला. पण घारापुरीला जायचं तर आमचा माणूस अजून आधी गेटवेला जातो आणि तिथून तासाभराची लाँच धरतो. समोरचं बेट गाठायला आधी मुंबई.

माझं मागणं एवढंच आहे. बेलापूरच्या धक्क्यावरून घारापुरीच्या फेऱ्या रोज, ठरल्या वेळी सुटाव्यात. होड्या शहाबाज, दिवाळे, घारापुरी या गावांच्या असाव्यात आणि तिकिटातला ठरावीक वाटा बुरुजाच्या चुन्याला जावा. हे सुरू होईपर्यंत किल्ल्याखाली ना फूड कोर्ट, ना रंगीत कारंजं.